दुसऱ्या ॲम्पवर माझा हक्क नाही

लिहून ठेवणार: सहदेव चांगो पिंगळे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त कामगार, राहणार मोहोपाड्याजवळ, तालुका खालापूर, जिल्हा रायगड.

अशा कागदाच्या सुरुवातीला ‘मी शरीराने धडधाकट आहे’ असं लिहायची पद्धत आहे. ते मी लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. माझी फुप्फुसं रसायनीच्या कंपनीत गेली. आता चार वाक्यं सलग बोललो की थांबावं लागतं. कंपनीच्या गेटवर उभं राहून शिफ्ट सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत बोलणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे, त्याचा डॉक्टरी दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मॅनेजमेंटला जे जमलं नाही ते भावकीला काय जमणार?

भाषा माझी आहे. खालापूरच्या ॲडव्होकेट ऋतिका म्हसे यांनी ती कायद्यात बसवली, आणि जिथे मी भाषण करू लागलो तिथे समासात पेन्सिलीने फुली मारली. काही फुल्या मी मानल्या.

माझ्या मालकीचं जे आहे ते वाटायला एक सकाळ पुरली. अडलं ते एका गोष्टीवर. माझा मुलगा धनेश याचे दोन गिटार ॲम्प, म्हणजे आवाजाच्या दोन पेट्या, या घरात आहेत. एक माझी सून वाजवते. दुसरा माझ्या बायकोने आपल्या खोलीत कुलपात ठेवला आहे. ते दोन्ही एकत्र लागावेत का, यावरून या घरात पाच वर्षं दोन बाया एकमेकींना ताट वाढतात, पाय चेपून देतात, आणि त्या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत हे मिटावं एवढीच माझी इच्छा उरली आहे. बाकीची कलमं त्यामानाने सोपी आहेत.

कलम एक. माझी माणसं

पत्नी इंदूबाई. मुलगी सुरभी, तिला ‘कर्जतला दिली’ असं लोक म्हणतात, पण मुलगी ही देण्याघेण्याची वस्तू नव्हे, म्हणून ‘कर्जतला राहणारी’ असं लिहितो. मुलगा धनेश, हयात नाही. धनेशची पत्नी हर्षला, जी याच घरात राहते. धनेश आणि हर्षलाला मूल नाही. सगळे जण हे वाक्य खाली मान घालून म्हणतात. मी सरळ लिहितो.

कलम दोन. घर

घर माझ्या फंडाच्या पैशातून, माझ्या नावावरच्या जागेत बांधलेलं आहे. त्यात वडिलोपार्जित वीटसुद्धा नाही. हे घर माझ्यानंतर हर्षलाच्या पूर्ण मालकीचं. इंदूबाईला त्यात मरेपर्यंत राहण्याचा हक्क, आणि तो कोणी, हर्षलानेही, काढून घेऊ शकणार नाही.

माझा पुतण्या अक्षय याने माझ्या आजारपणात येऊन, माझ्याच खाटेवर बसून मला सांगितलं, “काका, वयनीचं वय काय हाय? उद्या तिनं दुसरं लगीन केलं तर घर परक्याच्या हातात जायचं. तिला मायेरी धाडा. आमी हाव ना तुमाला बगायला.”

त्याला मी तेव्हा धाप लागल्याने पूर्ण उत्तर देऊ शकलो नाही. ते इथे देतो. हर्षलाने दुसरं लग्न करावं की नाही हा तिचा प्रश्न. केलं, तर हे घर तिचंच राहील. नवरा इथे राहायला आला तरी तिचंच राहील. बाईच्या कपाळाकडे बघून तिचा हक्क ठरवायचा, ही रीत मी स्टेजवरून मोडायला सांगत आलो. ती माझ्या ओट्यावर चालू राहिली तर मी आयुष्यभर नुसता घसा साफ केला असं होईल. अक्षयवर माझा राग नाही. त्याला माझी सायकल द्यावी. ती चालवायला लागते, बसून राहून पुढे जात नाही.

(इथे फुली होती. मानली नाही.)

कलम तीन

पाताळगंगेच्या बाजूचं भाताचं शेत सुरभीला. ते तिने कसावं किंवा खंडाने द्यावं, पण गोदामवाल्याला विकण्याआधी एकदा पावसाळ्यात बांधावर येऊन उभं राहावं. मग विकलं तरी मी काही म्हणणार नाही. बँकेतल्या ठेवी इंदूबाईला. पुस्तकं कामगार वाचनालयाला. जी पानं मी रागाने रेघा मारून खराब केली आहेत ती तशीच ठेवावीत, पुढच्या माणसाला कळेल की इथे कोणीतरी भांडलं होतं.

कलम चार. कर्णे

गेटसभेचे माझे दोन कर्णे आणि त्यांचं मशीन सुनील बाळाराम लबडे याला. सुनील कोण, ते पुढे येईल. कर्णे कसे बांधायचे ते त्याला माहीत आहे, तरी लिहितो. मैदानाच्या दोन टोकांना समोरासमोर बांधले की बोलणाऱ्याचे शब्द दुसऱ्या टोकाकडून उशिरा परत येतात आणि स्वतःच्याच बोलण्यावर आदळतात. नवा वक्ता गडबडतो. मी त्यातून थांबायला शिकलो. एक वाक्य टाकायचं, ते परत येऊ द्यायचं, मग दुसरं. लोक म्हणायचे, सहदेव काय तोलून बोलतो. तोल कसला, मी दुसऱ्या कर्ण्याची वाट बघत असायचो.

कलम पाच. हळद

हे कलम मालमत्तेचं नाही, पण याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या भागात लग्नाच्या आदल्या दिवशी हळद. घरासमोर, आळीभर मांडव. मटण, दारू, नाच, आणि वाजवायला बेंजो पार्टी. नाव बेंजो, पण त्यात कीबोर्ड, गिटार, ढोलकी सगळं येतं. एका संध्याकाळच्या हौसेपायी घरं कर्जात खचताना मी पाहिली आणि त्याविरुद्ध गावोगाव बोललो. हळदीच्या मांडवात पाय ठेवणार नाही असं भर सभेत जाहीर केलं. माझं मत आजही तेच आहे. मरताना मतं मऊ होतात असं म्हणतात. माझी झालेली नाहीत.

माझ्याच मुलाने बेंजो पार्टी काढली. धनेश गिटारवर, त्याचा वर्गमित्र सुनील कीबोर्डवर आणि वायरी-जोडणीला. नाक्यावर लोकांना विषय मिळाला. आमच्या आळीतली भागूबाई तर मला थांबवून म्हणाली, “सहदेव, बरा धंदा काढलास रं. बाप हळद बंद करतो, पोरगा चालू करतो. पिंगळ्यांकडं दोनी कामं व्हतात.”

मी घरी येऊन धनेशला हे सांगितलं. तो म्हणाला, “मंग कार्डावर छापू या, आबा. दोनी कामांसाटी भेटा.”

त्याच्यावर चिडून फार वेळ राहता येत नसे. ही त्याची खोड होती.

कलम सहा. दोन ॲम्प

धनेशची मांडणी अशी होती. गिटारची वायर एका लहानशा पत्र्याच्या डबीत जाई. डबीतून दोन वायरी निघत, एक डाव्या ॲम्पला, एक उजव्या. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, तिच्या पोटातच स्पीकर. दोन्ही पेट्या सारख्या नव्हत्या आणि त्या त्याने मुद्दाम तशा ठेवल्या होत्या. डावी मुंबईत बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेली, जुनी, काचेच्या व्हॉल्व्हची. चालू केल्यावर तापायला वेळ घ्यायची, मग जाड, किंचित फाटक्या आवाजात बोलायची. उजवी खोपोलीच्या मेकॅनिककडून बांधून घेतलेली, स्वच्छ आवाजाची.

“दोनी सारकंच बोलनार आसतील तर दोन कशाला पायजेत, आबा?” तो म्हणायचा. एवढं शहाणपण माझ्या युनियनच्या कार्यकारिणीत कधी कोणी दाखवलं नाही.

पहिल्यांदा दोन्ही जोडल्या तेव्हा फजिती झाली. एकटी पेटी वाजवली की दणका. दोन्ही लावल्या की आवाज पोकळ, जसा रिकाम्या पिंपातून येतो. इंदूबाई भाकऱ्या टाकता टाकता म्हणाली, “एकाच्या जागी दोन आनल्यास नि आवाज अर्दा झाला. चांगला यापार हाय तुजा.”

धनेशने मला स्पीकरचा पडदा बोटाने दाखवला. एका पेटीचा पडदा पुढे येतो त्याच वेळी दुसरीचा मागे जातो, म्हणून दोघी एकमेकींचा आवाज खातात. त्याने डबीवरचं एक बटण फिरवलं आणि आवाज पायाखालच्या लादीतून वर आला. मी म्हणालो, आमच्या दोन युनियनचं नेमकं हेच झालं होतं. फक्त आम्हाला बटण सापडलं नाही.

“हितं मधी बसा,” तो म्हणाला. पेट्या पडवीच्या दोन टोकांना होत्या. मी खुर्ची ओढली.

“आता डोळं मिटा. भाशान नाय करायचं, नुसतं ऐका. आवाज कुटनं येतो?”

“दोन्हीकडून.”

“नीट ऐका.”

मी ऐकलं. आवाज डावीकडून येत नव्हता, उजवीकडूनही येत नव्हता. तो समोरून येत होता, दोन पेट्यांच्या मधल्या भिंतीपासून, जिथे काहीही नव्हतं. मी डोळे उघडले तर धनेश बाजूला उभा होता आणि आवाज त्या मोकळ्या जागेत बसून वाजत होता. मग त्याने दुसरी एक डबी दाबली आणि सुरांची सावली डाव्या टोकाकडून उजव्या टोकाकडे चालत गेली. मी पुष्कळ वाचलं आहे. पण दोन ठिकाणांहून आलेला आवाज तिसऱ्याच ठिकाणी उभा राहतो, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. त्यानंतर संध्याकाळी तो सराव करायचा तेव्हा मध्ये बसायची जागा माझी किंवा इंदूबाईची, जो आधी येईल त्याची. ती मला बसू देत नसे.

मांडवात या मांडणीचा खरा उपयोग मला नंतर कळला. आळीतला मांडव लांबट आणि अरुंद. एकच मोठा भोंगा लावला की जवळच्यांचे कान फुटतात आणि लांबच्यांना ऐकू येत नाही, मग आवाज आणखी वाढवायचा. धनेश दोन टोकांना दोन ॲम्प ठेवून हळू वाजवायचा. सुनीलने मला सांगितलं की त्यांच्या मांडवात हळद लावणाऱ्या म्हाताऱ्या एकमेकींशी बोलू शकायच्या. मी हळदीविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडलो. त्याने न ओरडता तिचा आवाज खाली आणला.

कलम सात. धनेशचा मृत्यू

कर्जत तालुक्यातल्या एका गावी. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरच्या मुलीचा संसार चालू आहे.

दुपारी मांडवात जोडणी चालली होती. एका ॲम्पची वीज जनरेटरवरून घेतली, दुसऱ्यापर्यंत वायर पोचेना म्हणून त्याची शेजारच्या घरातून. दोन जागची वीज घेतली की असे जोडलेले ॲम्प गुणगुणतात. मधमाशा अडकल्यासारखा आवाज. ती गुणगुण घालवायला आपल्याकडे सगळ्या मांडवांत एकच उपाय चालतो. प्लगची तिसरी, जाड पिन मोडून टाकतात. गुणगुण जाते. बिघडलेली वीज जमिनीत नेऊन सोडणारी तारही तिच्याबरोबर जाते, पण ते ऐकू येत नाही.

मांडववाल्याने दिलेली जोडवायर अशीच पिन मोडलेली होती. त्या दिवशी ॲम्पमध्ये बिघाड होऊन गिटारच्या तारांत वीज उतरली. धनेशने तारांवर हात ठेवून माइकपाशी तोंड नेलं आणि ओठ लागले. एवढंच.

लोक मला म्हणतात, त्याची वेळ आली होती. हे वाक्य मी ओळखतो. कंपनीत माणूस मेला की मॅनेजमेंट म्हणते, त्याचीच चूक. गावात माणूस मेला की गाव म्हणतं, त्याची वेळ. दोन्ही वाक्यांचं काम एकच: जिवंत माणसांना काही बदलावं लागू नये. रायगड जिल्ह्यात आज संध्याकाळी जिथे जिथे मांडव असेल तिथे जाऊन पिना मोजा. वेळ माझ्या मुलाची आली नव्हती. पितळेची बोटभर पिन मोडणाऱ्या आपल्या सवयीची वेळ केव्हाच यायला हवी होती, ती येत नाही.

काही लोक सुनीलला दोष देतात. वायर सुनीलने जोडली, हे खरं. ती पिन त्याने मोडली नव्हती. ती वायर किती मांडव फिरून आली होती हे मांडववाल्यालाही ठाऊक नाही. आणि गुणगुण बंद झाली तेव्हा मांडवातल्या कोणीही, धनेशनेही, का बंद झाली असं विचारलं नाही. सुनील वर्षभर माझ्या ओट्याच्या खालीच उभा राहायचा. शेवटी इंदूबाई बाहेर आली आणि म्हणाली, “सुनील, वर ये रं. खाली हुबा रायलास मंजी तो काय परत येनार हाय? चा घे.” मी ज्यावर अर्धा तास बोललो असतो ते तिने चहावर मिटवलं. माझ्यानंतर कोणी सुनीलला या दारात अडवलं, तर अडवणारा माझा नातेवाईक नाही असं समजावं.

कलम आठ. हर्षला

हर्षला धनेशकडून गिटार शिकली होती. तो असताना ती स्वयंपाकघरात वाजवायची, बाहेर नाही. तो गेल्यावर वर्षाने तिने दोन्ही ॲम्प दुरुस्त करून आणले. सुनीलने घरामागे खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरून तांब्याची पट्टी पुरली, आणि घरातल्या प्रत्येक प्लगची तिसरी पिन त्या पट्टीला जोडली. मग एका दुपारी हर्षलाने पेट्या पडवीच्या दोन टोकांना ठेवल्या आणि धनेश नेहमी आधी वाजवायचा ती चाल वाजवली.

इंदूबाई मागच्या दारी भांडी घासत होती. ती राखेच्या हातांनी धावत आली. ती हर्षलाकडे बघत नव्हती. ती त्या दोन पेट्यांच्या मधल्या जागेकडे बघत होती. हर्षला थांबली. मग इंदूबाईने डाव्या ॲम्पची वायर ओढून काढली, तो जड ॲम्प एकटीने उचलून आपल्या खोलीत नेला आणि कुलूप लावलं.

त्या दिवशी दोघी या विषयावर शेवटचं जे बोलल्या ते मी भिंतीपलीकडून ऐकलं.

“आई, एका पेटीत तो अर्दाच येतो. दोन लावल्या का मधी येऊन बसतो. मला तो तितं पायजे.”

“तुला तो येताना दिसतो गं. मला जाताना दिसतो. तू वाजवायचं थांबलीस का तो जातो. मला रोज रोज त्याला जाताना बगायचं नाय.”

मी आयुष्यभर निवाडे केले. दोन भावांचे, दोन खात्यांचे, दोन गावांच्या पाण्याचे. या दोन वाक्यांमध्ये मला अजून कोणाचंही चुकलेलं सापडलेलं नाही.

हर्षलाने एका ॲम्पवर काम सुरू केलं. सुनीलबरोबर हळदीच्या सुपाऱ्या घेऊ लागली. पहिल्याच मांडवात एका बाईने तिला अडवलं. विधवा बाई हळदीच्या मांडवात नको. हर्षला म्हणाली, “मी हळद लावायला नाय आले, मावशी. वाजवायला आले. तुमचा पोरगा बँकेत हाय ना? तो लोकांचा पैसा मोजतो, खिशात घालतो काय?” बाया हसल्या, आणि नवरी मुलगी आतून ओरडली, “ताई, या वो तुमी.” हे ऐकीव नाही. मी तिथे होतो. हळदीच्या मांडवात पाय न ठेवण्याचा माझा शब्द मी त्या दिवशी मोडला, कारण माझ्या सुनेला कोणी अडवलं तर उत्तर द्यायला कोणी हवं होतं. उत्तर द्यायची वेळ तिने माझ्यावर येऊ दिली नाही. मी खुर्चीवर बसून ऐकलं. जेवलो नाही.

त्या मांडवात मी उजव्या टोकाला, त्या एकट्या ॲम्पपाशी होतो. डाव्या टोकाच्या बाया वळून वळून बघत होत्या, आवाज कुठे आहे म्हणून.

कलम नऊ. ज्यावर माझा हक्क नाही

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: धनेशचे दोन्ही ॲम्प हर्षलाला. ऋतिकाताईंनी ते वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

“आबा, हे तुम्हाला देता येणार नाही. हे तुमचं नाहीच.”

“माझ्या मुलाचं आहे.”

“म्हणूनच. तो मृत्युपत्र न करता गेला. त्याचं जे आहे ते त्याच्या बायकोचं आणि आईचं, समान. वडील दुसऱ्या रांगेत येतात. पहिल्या रांगेत कोणी असेल तर त्यांना काही नाही.”

हाच कायदा मी बायकांच्या सभेत समजावून सांगायचो. आई पहिल्या रांगेत का हवी, यावर टाळ्या घेतल्या आहेत. आता तो मला लागला. कायदा बरोबर आहे, आणि त्याने धनेशची मांडणी अगदी समान वाटून दोन खोल्यांत ठेवली आहे.

इंदूबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं. “मंजी एक माजा? कायद्यानं?”

“हो, काकू. एक तुमचा, एक हर्षलाताईंचा.”

“बगा,” ती मला म्हणाली, “तुमी उगीच कवापासून माज्या कुलपाला नावं ठेवत व्हता.”

तेव्हा मी इंदूबाईसाठी एक वेगळं कलम लिहिलं. चांगलं लिहिलं. दुःखाला कुलपात ठेवू नये, कलेवर कोणा एकाची मालकी नसते, जाणाऱ्याला पुन्हा येऊ द्यावं, असं बरंच. दुसऱ्या दिवशी ऋतिकाताईंसमोर ते मोठ्याने वाचलं. धाप लागल्याने तीनदा थांबलो. इंदूबाईने शेवटपर्यंत ऐकलं.

मग ती म्हणाली, “हे गेटवरचं हाय. वकीलबाय, ह्ये खोडा. मला कायतरी मागायचं आसल तर मागा, भाशान नका करू.”

ते कलम खोडलं आहे. मूळ कागदावर रेघा दिसतात.

मी मागितलं. “इंदू, तो ॲम्प हर्षलाला देतेस का?”

“नाय.”

अंगणात सुनील स्कूटर लावत होता, तो तिथेच थांबला. हर्षला स्वयंपाकघराच्या दारात होती. मला वाटलं, हे असंच राहणार आणि मी असाच जाणार. इंदूबाईने सुपातले दोनचार खडे वेचून बाहेर टाकले.

“मी हाय तवर नाय,” ती म्हणाली. “माज्या मागं तिचा. लिवा.”

ऋतिकाताई म्हणाल्या की हे माझ्या कागदात लिहिता येणार नाही, काकूंना स्वतःचं मृत्युपत्र करावं लागेल. “मंग करा,” इंदूबाई म्हणाली. दुसऱ्या कोऱ्या कागदावर ते झालं. त्यात एकच कलम आहे. आमच्या लग्नाला पन्नासावर वर्षं झाली. मी घरात इतकी पानं लिहिली आणि तिला जे द्यायचं होतं ते दीड ओळीत बसलं. तिने अंगठा उठवला, मग निरखून बघितला आणि म्हणाली, “पुसट आला,” आणि पुन्हा उठवला.

मी मनाशी हिशेब मांडला. दोन्ही ॲम्प पडवीच्या दोन टोकांना पुन्हा लागतील, ते इंदूबाई गेल्यावर. मी तर त्याआधीच जाणार, हे माझी छाती सांगते. म्हणजे ते मला ऐकायला मिळणार नाही. मी जे मिटवायला बसलो होतो ते मिटलं, आणि मिटल्याचा आवाज माझ्या वाट्याला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मागितल्यावर जेवढं मिळालं तेवढं नोंदवतो.

हर्षला दारातून हलली नव्हती. तिने पदराने हात पुसले.

“आई,” ती म्हणाली, “मला घाय नाय.”

“मला पन नाय,” इंदूबाई म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

कलम दहा

माझ्यामागे दिवसकार्य करू नये. भाषणं तर मुळीच नकोत. माझ्याविषयी बोलणारा प्रत्येक जण माझ्यापेक्षा वाईट बोलेल. वाटल्यास हर्षलाने आपल्या एका ॲम्पवर काही वाजवावं. इंदूबाई घरात असेल, तेव्हा आधी तिला विचारावं. तिने नको म्हटलं तर वाजवू नये.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचून, विश्रांती घेत घेत, समजून लिहून ठेवलं आहे. त्याखाली माझी सही साक्षीदारांच्या समोर केली, आणि साक्षीदारांनी माझ्या समोर. सुनीलला साक्षीदार हो म्हणालो तेव्हा त्याने विचारलं, “आबा, मीच करू? नक्की?” मी हो म्हणालो.

सही: सहदेव चांगो पिंगळे

साक्षीदार:
१. सुनील बाळाराम लबडे, राहणार साजगाव
२. नवीन काशिनाथ भोईर, निवृत्त कामगार, राहणार मोहोपाडा

मसुदा: ॲड. ऋतिका म्हसे, खालापूर

स्थळ: राहतं घर, मोहोपाड्याजवळ
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५